चट्टा बघायला उजेड लागतो

अंगावरचा चट्टा दिवसाउजेडी बघावा लागतो. ट्यूबच्या प्रकाशात फिकट डाग हमखास निसटतो. आणि कल्याण पूर्वेला नेतिवलीच्या टेकडीवरच्या खोल्यांमध्ये दिवसा पुरुष सापडत नाही, ही आमची पहिली अडचण.

१ ते १६ डिसेंबर २०२०. राज्यभर क्षयरोग आणि कुष्ठरोग एकत्र शोधायची मोहीम होती, जोडीला बीपी-शुगरची माहिती. टीममध्ये एक आशाताई आणि एक पुरुष, कारण बायकांची त्वचा बाईने बघायची, पुरुषांची पुरुषाने. कॉलेज बंद, हाताला काम नाही. मी तो पुरुष झालो.

लोकल तेव्हा सगळ्यांना खुली नव्हती. माणसं पहाटे बसच्या रांगेला जायची आणि रात्री नऊनंतर उगवायची. शेवटी रविवारी सकाळी गल्लीतच एकेकाला बनियन काढायला लावलं. "पाठ पण घासून देणार का?" एका काकांनी विचारलं. गल्ली हसली आणि मग बाकीचे आपणहून पुढे आले.

खोकल्याचं मात्र हसण्यावारी जात नव्हतं. त्या वर्षी 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?' असं विचारलं की दार अर्धं लोटलं जायचं. "आमच्यात कुणी खोकत नाही," असं सांगणाऱ्या बाईच्या पाठीमागून खोकल्याचा आवाज यायचा. २०१९मध्ये देशात टीबीच्या २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२०मध्ये १८ लाखांची. टीबी कमी झाला नव्हता, माणसं घरात दडली होती.

ताई म्हणून शुगरपासून सुरुवात करायच्या. शुगर हा आमच्याकडे अब्रूदार आजार आहे, घरात गोडधोड होतं याचा पुरावाच म्हणा ना. मग बीपी, मग झोप, भूक, वजन आणि अगदी शेवटी, जाता जाता, खोकला. फॉर्मवरचा क्रम वेगळा होता, पण ताईंचा बरोबर होता. सगळे आजार एकाच फेरीत विचारण्याचा खरा फायदा डॉक्टर सांगतात त्याहून साधा आहे: टीम कुणासाठी आली हे शेजारणीला कळत नाही.

एका घरात वजनाचं विचारल्यावर मुलगी हसून म्हणाली, "सगळे ब्लाउज सैल झालेत." लग्न ठरलेलं, मे महिन्यातलं. आई म्हणाली, काळजीने होतं असं. ताईंनी थुंकीसाठी दोन डब्या दिल्या. एक आत्ता, एक उद्या सकाळची. सार्वजनिक संडास, सार्वजनिक नळ आणि पहाटे पाचपासून तिथे रांग. खोकून बेडका काढायचा कुठे? तिने मोरीत बादलीखाली नळ सोडला, त्या आवाजात काम उरकलं. काळ्या पिशवीत गुंडाळलेली डबी जेवणाच्या पिशवीत घालून मी टेकडी उतरलो.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सहा महिन्यांच्या गोळ्या, फुकट. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला ५०० रुपये खात्यात, पण खातं भावाच्या मोबाइलला जोडलेलं आणि भावाला काही सांगायचं नव्हतं. "पैसे नकोत," आईने ताईंना सांगितलं. सासरी आणि भावाला एकच उत्तर: रक्त कमी आहे.

एप्रिल २०२१मध्ये निर्बंध आले. लग्नाला फक्त २५ माणसं, दोन तासांत उरका. आईने लगेच व्याह्यांना फोन लावला: एवढ्यात कसलं लग्न, पुढे ढकलू. लॉकडाऊनचे एवढे आभार मानणारं दुसरं घर मी पाहिलं नाही.

नंतर मी २०१९-२१च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणाबद्दल वाचलं. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेलेले नव्हते. आणि छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के निसटले असते. आम्ही तर नुसते प्रश्न विचारत फिरलो होतो. खोकला नाही, ताप नाही, पुढचं घर. ७ डिसेंबर २०२४ला सुरू झालेल्या देशव्यापी १०० दिवसांच्या मोहिमेत हातात धरायची एक्स-रे मशिनं वस्त्यांपर्यंत नेली गेली, हे मला म्हणूनच फार मोठं वाटतं. पोषणाचे पैसेही आता हजार झालेत. मेसेज मात्र अजून मोबाइलवरच येतो, आणि मोबाइल कुणाचा हे फॉर्म विचारत नाही.

तिचा कोर्स जूनमध्ये संपला. तोपर्यंत ताई दर आठवड्याला 'रक्त' बघायला जायच्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं आपल्या फाइलमध्ये घालून घेऊन यायच्या, त्यांच्या कचऱ्यात कुणाला दिसू नयेत म्हणून.