सारंगखेड्याच्या बाजारातील म्हातारी घोडी

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती आली, की खानदेशातल्या माणसांचे पाय सारंगखेड्याकडे वळतात. नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात, तापीच्या काठी हे गाव आहे. येथील एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्याबरोबर भरणारा घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. माझे आयुष्य कापूस-ज्वारीवरची कीड पाहण्यात गेले. घोड्यातले मला फारसे कळत नाही. पण बरोबर एक पशुवैद्य स्नेही होते. त्यामुळे नुसता पाहुणा म्हणून गेलो आणि चार गोष्टी शिकून परत आलो.

दोंडाईच्याहून सकाळच्या एस.टी.ने निघालो. थंडी चांगलीच होती. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, ऊस, केळी-पपईच्या बागा. दत्ताचे दर्शन घेऊन बाजारात शिरलो, तर जिकडेतिकडे घोडेच घोडे! कानांची टोके एकमेकांना भिडवणारे मारवाडी आणि काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे, अबलख, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेले पंचकल्याणी. कोणी खरारा करत होता, कोणी तोबरा चढवत होता. गिऱ्हाईक आधी अंगावरचे भोवरे पाही आणि मग थेट तोंड उघडून दात पाही.

स्नेह्यांनी मला दातांचे गणित सांगितले. पाचव्या वर्षापर्यंत घोड्याचे दुधाचे सगळे दात पडून कायमचे येतात. वरच्या कोपऱ्यातील दातावर साधारण 10 व्या वर्षी हिरडीजवळ एक गडद रेघ दिसू लागते. 15 व्या वर्षी ती निम्म्यावर येते, 20 व्या वर्षी टोकाला पोहोचते. हा अंदाजच, पण बाजारात त्याच्यावर भाव ठरतो.

एका रांगेच्या टोकाला एक आबा बसले होते. विकायला आणलेला वछेरा उमदा होता, पण शेजारी एक म्हातारी घोडी उभी होती. दातावरची रेघ पार टोकाला गेलेली. "आबा, हीही विकायची का?" मी विचारले.

"नाही साहेब," आबा म्हणाले. "आमच्या घरच्या तीन वराती हिच्या पाठीवरून निघाल्या. ही जवळ असली म्हणजे वछेरा गप उभा राहतो, म्हणून आणली. आणि थंडीचं तिला काही नाही, बघा अंगावर कशी लोकर आहे!"

स्नेह्यांनी त्या लांब केसांतून हात फिरवला आणि विचारले, "उन्हाळ्यात हे केस गळतात का?" दोन वर्षे नीट गळले नाहीत, असे आबा म्हणाले. खूर मधूनमधून पिकतो आणि जखम लवकर भरत नाही, हेही त्यांनी सांगितले. स्नेही म्हणाले, "आबा, ही लोकर थंडीची नसावी. म्हाताऱ्या घोड्यात मेंदूखालच्या एका लहान ग्रंथीचे काम बिघडते. मग केस गळत नाहीत, मांस उतरते, खूर दुखतात आणि रोगाशी झुंजायची ताकदही घटते. रक्त तपासून घ्या. या विकारावर औषध आहे. तो समूळ जात नाही, पण आटोक्यात राहतो."

मग त्यांनी आम्हा दोघांना समजेल असे सांगितले. शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काहींना छातीतील एक ग्रंथी तयार करते. ही ग्रंथी तरुणपणानंतर आक्रसत जाते. म्हणजे फौजेत जुने शिपाई राहतात, नवी भरती कमी होते. जुने शिपाई ओळखीच्या शत्रूला अडवतात. अनोळखी रोग आला की गडबडतात. नव्या लसीचाही परिणाम म्हाताऱ्या जनावरात थोडा कमी होतो. दुसरीकडे राखेखालच्या विस्तवासारखी बारीक सूज अंगात धुमसत राहते. घोडे फार लठ्ठ असेल तर ती अधिकच.

"म्हणजे आता लस टोचून उपयोग नाही?" आबांनी विचारले.

"उलट," स्नेही म्हणाले, "म्हातारी म्हणून सोडू नका. तिला आधी टोचा."

मी भोवताली पाहिले. परप्रांतांतून आलेले घोडे एकमेकांच्या नाकाला नाक लावत होते. एकाच बादलीतून दोघे-चौघे पाणी पीत होते. 2008 साली जम्मूकडील कटऱ्याला खेचरांत घोड्यांचा फ्लू आला आणि बघता बघता अनेक राज्यांत पसरला. अशी साथ गर्दीतूनच घरी येते.

ज्यांच्या दारी 15-20 वर्षांचे घोडे आहे, त्यांनी एवढे करावे. धनुर्वाताची आणि पिसाळण्याची लस पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळेवर द्यावी. बाजारातून आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधावे. त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा ठेवावा. आधी घरच्याचे करावे, मग नव्याचे. म्हाताऱ्या घोड्यात जंत वाढतात, म्हणून लीद तपासूनच औषध द्यावे. दात झिजले असतील तर चंदी भिजवून द्यावी. नाकातून घाण येऊन अंगावर गाठी फुटल्या, तर तो ग्लँडर्स असू शकतो. त्यावर लस नाही आणि तो माणसालाही होतो. अशा जनावराला हात न लावता ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

संध्याकाळी परतताना त्याच रांगेवरून गेलो. आबांनी घोडी गर्दीपासून दूर, बाजाराच्या कडेला नेऊन बांधली होती. तिच्यापुढे नवी कोरी बादली होती. वछेरा मात्र रांगेत उभा राहून तिच्याकडे पाहत खिंकाळत होता.

"त्याला सवय होईल," आबा म्हणाले. "हिने आजवर आमचं सांभाळलं, आता हिचं आम्हीच बघायला हवं."