मागे पाहा

दिवाळी जवळ आली की मला आईची फराळाची वही आठवते. तिच्यात चकलीच्या पानावर भाजणीचे प्रमाण नाही. तेथे नुसते 'भाजणी : मागे पाहा' एवढेच लिहिलेले आहे. मागे म्हणजे किती मागे, हे आईला ठाऊक असे. पण तिला वहीची गरजच कोठे होती! ज्यांना गरज होती त्या आम्हां भावंडांना मात्र दर वर्षी सारी वही चाळावी लागे, आणि अनारसे नि शंकरपाळे ओलांडीत परटाच्या हिशेबाखाली दडलेली भाजणी शोधून काढावी लागे.

आईच्या ह्या सवयीला मी पुष्कळ हसलो आहे. पुढे संगणकाच्या आज्ञावलींची माहिती लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, आणि माझे हसू आटोपले.

आज्ञावलीत शेकडो नावे असतात. कोणते काय करते, अडले तर काय करावे, हे सांगणारी पाने वेबवर ठेवतात, आणि एका पानावरून दुसऱ्यावर जायला दुवे, म्हणजे लिंका, देतात. ही पाने कादंबरीसारखी सलग कोणी वाचीत नाही. अडलेला माणूस घाईघाईने मधल्याच पानावर येऊन उतरतो. मी कोठे आलो, हे नाव कोठले, आणि परत कसे जायचे, एवढेच त्याला हवे असते. ह्या माणसाची काळजी कागदावरही घेता येते. डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या 'टेक' ह्या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीचा ग्रंथ १९८६ साली छापला. त्यात उजव्या हाताच्या पानावर एक चिमुकली सूची असते : समोरच्या दोन पानांत आलेली, पण दुसरीकडे समजावलेली नावे कोठे भेटतील ते सांगणारी. किती हे अगत्य!

आणि मी काय केले? एका दिवाळीच्या तोंडावर मला साफसफाईची हुक्की आली. मी पानांतले मथळे अधिक सुबक केले. आमच्या साधनात परिच्छेदाचा पत्ता मथळ्यावरून ठरतो, हे मी विसरलो. पानच नाहीसे झाले तर निदान ४०४ हा आकडा तरी दिसतो. परिच्छेदाचा पत्ता बदलला तर काहीच दिसत नाही. पान निमूटपणे उघडते आणि वाचणाऱ्याला माथ्यावर सोडून देते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमची यंत्रणा बंद पडली. पाळीवर एक नवी मुलगी होती. धोक्याच्या संदेशातला दुवा तिला त्या लांबलचक पानाच्या माथ्यावर नेऊन सोडी. घरची मंडळी पूजेला खोळंबली होती, आणि ती तासभर पान वरखाली करीत होती. दुसऱ्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "सर, तुम्ही लिहिलंय हे मला माहीत होतं. कुठं लिहिलंय, तेच सापडेना."

ती रागावली असती तर बरे झाले असते.

उपाय अवघड नव्हते. २००८ साली पायथन भाषेच्या माहितीसाठी निघालेल्या स्फिंक्ससारख्या साधनात मथळ्याच्या वर एक कायमची खूण लिहिता येते. मग मथळा कितीही बदला, खुणेकडे येणारे दुवे ढळत नाहीत. बाहेरचे दुवे तपासून मोडका दाखविणारी आज्ञाही त्यात आहे. रस्ट भाषेत २०२० पासून चौकटी कंसात नाव लिहिले की त्याचे पान साधनच शोधते. मी खुणा लावल्या. 'येथे पाहा' खोडून कोठे जायचे ते शब्दांत लिहिले. हलविलेल्या पानांच्या जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे वाट करून दिली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आलेल्या वाटेची ओळ ठेवली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावले होते की चांगले पत्ते बदलत नसतात. मला ते कळायला एक लक्ष्मीपूजन खर्ची पडले, आणि तेही दुसऱ्याचे.

त्याच आठवड्यात मी आईची वही काढली आणि पानांना आकडे घातले. 'मागे पाहा' खोडले नाही. त्याच्यापुढे बारीक अक्षरांत लिहिले, 'पान १७'.

यंदा मुलीने चकल्यांचा घाट घातला आहे. काल ती वही घेऊन बसली, आणि मला काही न विचारताच भाजणीचे जिन्नस काढू लागली.