फाटका आवाज

वाद्यवृंदात बेस गिटार वाजविणाऱ्याकडे सहसा कोणी बघत नाही. गाणारीकडे बघतात, ढोलकीवाल्याकडे बघतात. चार जाड तारांची ही लांब दांड्याची गिटार मागे उभी राहून नुसती घुमत असते. तिची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तो आवाज कानापेक्षा छातीलाच जास्त कळतो. मला ही मागची जागा मनापासून आवडते. यंदाच्या स्नेहसंमेलनात मात्र साऱ्या सभागृहाने माझ्याकडे माना वळविल्या, आणि त्या कौतुकाने नव्हे!

दुसऱ्याच गाण्यात माझा आवाज फाटला. हळू वाजवावे तर पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचेना, जोर लावावा तर फुटक्या कर्ण्यासारखी घरघर. मी अँप्लिफायरचे बटण पिळले. घरघर तेवढी वाढली. मध्यंतरात लाऊडस्पीकरवाले काका मंचावर आले आणि म्हणाले, "आवाज बारीकही झालाय आणि फाटतोयही. गिटारमध्ये बॅटरी असेल तर बघून घ्या."

"गिटारला कसली बॅटरी? टॉर्च आहे का ती? तुमचा बॉक्स फुटलाय, काका!" मी म्हणालो. मित्र खो खो हसले. काका काही न बोलता आपल्या वायरींकडे परतले. दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसलो तेव्हा 'बेसचा बॉक्स नादुरुस्त' या माझ्या साक्षीवरून त्यांच्या भाड्यातले ५०० रुपये कापले गेले.

आठवड्याने एका मित्राच्या घरी सहज वाजवायला बसलो. तीच घरघर! इथे तर काकांचा बॉक्स नव्हता. माझ्या पोटात खड्डा पडला.

तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही मिलसाहेबांच्या पद्धती शिकलो आहोत. जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या १८४३ च्या ग्रंथात त्या मांडल्या. त्यांतली व्यतिरेक पद्धती अशी की, दोन प्रसंगांत बाकी सारे सारखे आणि एकच गोष्ट वेगळी असेल, तर परिणामातल्या फरकाचे कारण त्या गोष्टीत शोधावे. परीक्षेत या टिपेला मला चांगले गुण पडले होते. मंचावर मात्र मी काहीही न बदलता थेट निकाल दिला होता.

आता बदलून पाहू लागलो. एका वेळी एकच गोष्ट. वायर बदलली, घरघर कायम. शिवाय वायर किंवा तिचे भोक सैल असते तर हलविताच आवाज खरखरला असता, मध्येच गेला असता. तसे होत नव्हते. दुसरा अँप्लिफायर आणला, कायम. तारांखालचे पिकअप तारांच्या फार जवळ असले तरी आवाज फाटतो असे ऐकले होते, म्हणून त्याचे स्क्रू फिरवून ते खाली घेतले. आवाज आणखीच बारीक झाला. शेवटी त्याच वायरीला, त्याच अँप्लिफायरला मित्राची गिटार जोडली. स्वच्छ, गोल आवाज! दोष माझ्याच गिटारच्या पोटात होता.

गिटार पालथी केली. मागे दोन स्क्रूंचे एक लहानसे झाकण. जुनी गिटार विकत घेतल्यापासून ते मी रोज पाहत होतो आणि एकदाही उघडले नव्हते. आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी! लहानपणच्या सवयीने ती जिभेला लावली. नव्या बॅटरीने जीभ चांगली चुणचुणते. ही नुसती आंबटसर लागली. टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या मीटरवर काटा सहाच्याही खाली राहिला.

प्रकार असा होता. पिकअपमध्ये लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार असते. वरची पोलादी तार थरथरली की या गुंडाळीत अगदी बारीक वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ साली दाखविलेले तत्त्व हेच. काही गिटारींत ही वीज बाहेर पडण्यापूर्वी आतलेच एक लहान मंडल तिला बळ देते, आणि ते चालते बॅटरीवर. बॅटरी उतरली की त्या मंडलाचे छतच खाली येते. बारीक स्वर वाकून निघून जातात, मोठ्या स्वराचे डोके छताला आपटते. लाटेचा माथा छाटला जातो आणि आपल्याला घरघर ऐकू येते. गंमत म्हणजे अशा गिटारला वेगळे बटण नसते. वायर खोचली की मंडल सुरू, काढली की बंद. मी तालमीचे तीन आठवडे ती रात्रंदिवस खोचूनच ठेवली होती.

दोन-तीन वडापावांच्या किमतीची बॅटरी घातली आणि गिटार पूर्वीसारखी घुमू लागली.

कॉलेजचा हिशेब मिटला होता. घरून मागितलेले ५०० रुपये घेऊन मी काकांच्या दुकानी गेलो. ते जमिनीवर बसून वायरींची वेटोळी करीत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी नोटा खिशात ठेवल्या आणि विचारले, "वाजवून झाल्यावर वायर काढता ना आता?"

"काढतो."

"मग झालं." थोड्या वेळाने वेटोळे बांधता बांधता ते म्हणाले, "पैसे दिलेत ते बरं केलंत. पण बोलला होतात चारचौघांत."

त्यावर मला काही उत्तर सुचले नाही. त्या रात्री सभागृहात असलेले बहुतेक सारे हा अंक वाचतात, म्हणून इथे लिहिले आहे. छापून आला की एक प्रत दुकानी नेऊन देणार आहे.