त्या बहिणीची सही



मंदिरात भेटल्यावर बऱ्याच जणी विचारतात, "घर घेणार होता ना गं, त्याचं काय झालं?" मी आतापर्यंत "जमलं नाही" एवढंच सांगत आले. आज सगळं लिहिते. झालेल्या चुकीत वकिलांचा वाटा मोठा होता, पण थोडा माझाही होता. उद्या तुमच्यापैकी कुणी घर घ्यायला निघाली तर निदान तिला तरी याचा उपयोग व्हावा.

पुण्यात आम्ही बारा वर्षं भाड्याच्या घरात राहिलो. सासरे गेल्यावर गावाकडची थोडी जमीन विकली आणि ते पैसे आणि आमची बचत मिळून फ्लॅट घ्यायचं ठरलं. सासूबाईंची एकच अट होती, मंदिर पायी जाण्याइतकं जवळ हवं. त्यांना रोज अभिषेक बघायचा असतो आणि रिक्षाची वाट पाहणं त्यांना जमत नाही. दिवाळीनंतर तसा फ्लॅट मिळाला. तीस वर्षांची जुनी इमारत, दुसरा मजला, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आणि मंदिर अगदी चार मिनिटांवर. किंमत ६२ लाख. सासूबाई खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "इथनं शिखर दिसतंय बघ." तिथेच आमचं मन बसलं. दोन लाख टोकन देऊन टाकलं.

वकील आपल्याच समाजाचे होते. नाव-गाव सांगत नाही, विचारूही नका. यांच्या चुलतभावाने सुचवलं, "आपला माणूस आहे, फसवणार नाही." पहिल्या भेटीत त्यांनी सासूबाईंच्या माहेरची ओळख काढली, चहा पाजला, फी २५ हजार सांगितली आणि सगळी आधीच घेतली, रोख. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची म्हणून पाच हजार वेगळे घेतले. पावती मागायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आपल्याच माणसाकडे पावती कशी मागायची? गप्प बसले. पहिली चूक ही.

त्यानंतर वकीलसाहेब आम्हाला जवळजवळ दिसलेच नाहीत. फोन केला की त्यांचा मदतनीस मुलगा उचलायचा, "साहेब कोर्टात आहेत." तीन आठवड्यांनी दोन पानांचा सर्च रिपोर्ट आला. त्यात शेवटी लिहिलं होतं की टायटल क्लिअर आहे. जाहीर नोटिशीचं कात्रण मागितलं तर "देतो, देतो" म्हणाले. ते कात्रण आजपर्यंत आलेलं नाही.

मग खरेदीखताचा मसुदा आला, तोही सही ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकली, भांडी आवरली आणि मी सगळी फाईल घेऊन बसले. मी वकील नाही, बी.कॉम. झालेली गृहिणी आहे. पण दुकानाचे हिशेब लिहायची सवय असल्यामुळे ओळ न ओळ वाचते. मसुद्यात फ्लॅटचा नंबर एका ठिकाणी ७ आणि दुसऱ्या ठिकाणी ९ होता. ते खुणेने नोंदवून ठेवलं आणि शेअर सर्टिफिकेट उलटून पाहिलं. मागच्या बाजूला हस्तांतरणाची नोंद होती. मूळ मालक म्हणजे वडील. ते २०१६ साली वारले आणि नॉमिनेशनवरून शेअर्स मुलाच्या नावावर झाले. आम्हाला फ्लॅट विकत होता तो हाच मुलगा.

ती नोंद वाचताना मला माझं माहेर आठवलं. बाबा गेल्यावर सातबारावर वारस म्हणून आईचं, दोन्ही भावांचं आणि माझंही नाव लागलं होतं. मग मी स्वखुशीने हक्कसोडपत्र केलं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठे आणि फोटो दिले, आणि थोरला भाऊ म्हणाला होता, "ताई, नीट वाच आणि मगच सही कर." म्हणून प्रश्न पडला, की या घरात दुसरं कुणीच नव्हतं का? आई, बहीण, भाऊ? फाईलमध्ये ना मृत्युपत्र होतं, ना हक्कसोडपत्र, ना वारसांचं एखादं प्रतिज्ञापत्र.

सकाळी सातला वकीलसाहेबांना फोन लावला. सुदैवाने त्यांनी स्वतः उचलला. माझं बोलणं ऐकून हसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही फार वाचता. नॉमिनी म्हणजे मालकच. सोसायटीने नाव लावलंय, अजून काय पाहिजे?" मी म्हटलं, "पण बहीण असली तर?" त्यावर उत्तर आलं, "असली तरी दहा वर्षांत आली नाही, आता काय येणार? मुहूर्त चुकवू नका."

आता खरं सांगते. फोन ठेवल्यावर मलाही वाटलं की जाऊ दे. वकील म्हणतोय ना, आपल्याला काय करायचंय? डोळ्यांसमोर ती खिडकी होती, ते शिखर होतं. देवासमोर दिवा लावला, स्तोत्र म्हणायला लागले आणि मध्येच थांबले.

दशलक्षणात आपल्याकडे रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार त्यातच सांगितलेत आणि त्यांतला एक आहे तदाहृतादान, म्हणजे दुसऱ्याने चोरून आणलेली वस्तू आपण घेणं. इतकी वर्षं ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर सोनाराकडे आलेलं चोरीचं सोनं यायचं. आपला काय संबंध, असं वाटायचं. त्या सकाळी पहिल्यांदा कळलं की बहिणीला न विचारता विकलेला फ्लॅट घेणंही त्यातच मोडतं. शिवाय त्या फ्लॅटमध्ये आम्ही देव बसवणार होतो.

मी विक्रेत्याला सरळ फोन केला. "भाऊसाहेब, एक विचारू का? तुम्हाला बहीण आहे का?" थोडा वेळ तिकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "आहे, नाशिकला असते. पण तिचं काही म्हणणं नाही." मी म्हटलं, "मग त्या सहीला येतील ना? नाहीतर हक्कसोडपत्र करून देतील?" त्यावर त्यांचा आवाज चढला. "हे तुमच्या वकिलाने काही विचारलं नाही, तुम्ही का विचारताय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वकिलाने ते विचारायला हवं होतं, हेच खरं उत्तर होतं.

सही पुढे ढकलली. घरात नाराजी झाली. चुलतभावाने आमच्या यांना ऐकवलं की "वहिनींना समाजातल्या माणसावर विश्वास नाही." मी एका मैत्रिणीच्या ओळखीने शिवाजीनगर कोर्टातल्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सल्ल्याचे तीन हजार घेतले, पावती दिली आणि अर्ध्या तासात सगळं समजावलं. त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहिते, कारण हे प्रत्येकीला माहीत हवं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. मालकी वारसांचीच राहते. आपण जैन असलो तरी वारसाहक्काच्या बाबतीत आपल्याला १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता वडील गेले तर त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. लग्न झालेल्या मुलीचाही. (२००५ साली कायदा बदलला, तो वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच हक्क देण्यासाठी. स्वकष्टाच्या मिळकतीत तो आधीपासूनच होता.) त्या घरात आई आधीच गेली असेल आणि मुलं दोनच असतील, तर अर्धा फ्लॅट बहिणीचा. भाऊ एकटा सही करून फार तर स्वतःचा अर्धा विकू शकतो. उद्या बहीण कोर्टात गेली तर आम्ही ६२ लाख देऊनही भांडत बसणार.

बाईंनी मसुदा चाळला आणि आणखी दोन गोष्टी दाखवल्या. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, पण घर फक्त स्त्रीच्या नावाने घेतलं तर महाराष्ट्रात १ टक्का सवलत मिळते. २०२१ पासून ही सवलत आहे. आमच्या वकिलांनी मसुदा दोघांच्या नावाने केला होता आणि या सवलतीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ६२ लाखांवर १ टक्का म्हणजे ६२ हजार रुपये! दुसरं म्हणजे, ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराला घेणाऱ्याने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो. तेही कुणी सांगितलं नव्हतं. "कर्ज काढलं असतं तर बँकेच्या वकिलानेही कागद तपासले असते," बाई म्हणाल्या. "तुम्ही रोकड घेऊन आलात, म्हणून कागद बघणारे दुसरे डोळे नव्हते."

आम्ही विक्रेत्याला निरोप दिला की बहिणीची सही असेल तर आजही तयार आहोत. आठ दिवस थांबलो. मग त्यांनी व्यवहार मोडला. टोकन परत मिळायला वैशाख उजाडला, तेही दहा वेळा फेऱ्या मारून. वकिलांकडे फीचा विषय काढला तर ते म्हणाले, "काम मी केलं, तुम्ही माघार घेतलीत." तीस हजार गेले. अशा वेळी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते, हे वकीलबाईंनी सांगितलं होतं. पण आमच्याकडे ना पावती होती, ना काही लेखी. पहिल्या दिवशीचा संकोच असा महाग पडला.

चातुर्मास सुरू व्हायच्या आधी दुसरा फ्लॅट मिळाला. कागद वकीलबाईंनीच पाहिले. मंदिर चार मिनिटांवर नाही, वीस मिनिटांवर आहे, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. सासूबाई पहिले काही दिवस गप्प होत्या. मग एका सकाळी चपला घालताना म्हणाल्या, "चालल्यानं गुडघं मोकळं होतंय बघ. आणि कुणाचं काय अडकलेलं न्हाई या घरात."

ती नाशिकची बहीण मला कधी भेटली नाही. तिचं नावही मला माहीत नाही. आपल्या वडिलांचं घर विकायला निघालं होतं हे तरी तिला कळलं का, कोण जाणे. कदाचित तिने आनंदाने सही केली असती, माझ्यासारखी. पण सही करण्याआधी तिला कुणी तरी विचारायला हवं होतं.

क्षमावणीच्या दिवशी यादीतले सगळे फोन झाले आणि एक नाव राहिलं. थोडा वेळ फोन हातात धरून बसले, मग वकीलसाहेबांना लावला. "उत्तम क्षमा. माझ्या बोलण्याने मन दुखावलं असेल तर क्षमा करा." ते म्हणाले, "अहो वहिनी, ते मी कधीच विसरलो!" त्यांच्या दृष्टीने विसरण्यासारखंच होतं बहुतेक. मी मात्र मनातला राग सोडला, खरंच सोडला. पण पुन्हा त्यांच्याकडे काम देणार का? नाही. क्षमा केली तरी हिशेब नीट ठेवायचा असतो.

म्हणून मैत्रिणींनो, घर घ्यायला निघालात तर एवढं करा. वकील आपला असो वा परका, फी किती आणि त्यात काय काय येतं हे लिहून घ्या, पावती घ्या. सर्च तीस वर्षांचा आहे ना ते पाहा. जाहीर नोटिशीचं कात्रण फाईलला लावा. मसुदा सहीच्या निदान चार दिवस आधी मागा आणि स्वतः वाचा. घर कुणाच्या नावाने घ्यायचं ते आधी ठरवा. आणि मिळकत मयत माणसाकडून आलेली असेल तर एक प्रश्न नक्की विचारा, "त्यांना मुली किती?"

आता निघते. सासूबाई पिशवीत तांदूळ आणि बदाम घेऊन दारात उभ्या आहेत, आणि वीस मिनिटं चालायचंय.

जय जिनेंद्र.