सलाफहादच्या कन्यांचा दावा

बायबलमधील स्त्रियांच्या चारित्र्याचा विषय निघाला म्हणजे आपल्या मंडळ्यांतून रूथची निष्ठा, हन्नाची प्रार्थना आणि मरीयेची नम्रता यांचाच बहुधा गौरव होतो. त्या तिघींविषयी मला आदर आहेच. परंतु जुन्या कराराच्या अध्यापनात आयुष्याचा बराच काळ घालविल्यावर, ईश्वरनिष्ठ स्वभावाचा अधिक दुर्घट पाठ ज्यांच्यापाशी सापडतो असे मला वाटू लागले आहे, त्या गणनेच्या पुस्तकातील महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणींची नावे नित्य उपासनेला जाणाऱ्यांनाही सहसा आठवत नाहीत.

मवाबाच्या मैदानात, यरीहोसमोर, इस्राएलाची दुसरी शिरगणती झाली आणि वीस वर्षांवरील लढाऊ पुरुषांची संख्या ६,०१,७३० भरली. कनान देशातील वतने याच दप्तराच्या आधारे वाटली जावयाची होती. मनश्शे वंशातील सलाफहाद रानात निपुत्रिक वारला होता, तेव्हा त्याच्या मुली दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सर्व मंडळी यांच्यासमक्ष उभ्या राहिल्या.

त्यांचे निवेदन बारकाईने वाचण्याजोगे आहे. आमचा बाप कोरहाच्या बंडात सामील नव्हता, असे त्या प्रथम सांगतात. पण तो निर्दोष होता असे मात्र म्हणत नाहीत, तो आपल्याच पापाने मेला हे कोणी विचारण्यापूर्वीच कबूल करतात. पुढे रब्बी अकिबा याने, शब्बाथदिवशी लाकडे गोळा केल्याबद्दल दगडमार झालेला तो अनामिक मनुष्य हा सलाफहादच होय, असे ठरविले, तेव्हा यहूदा बेन बथीरा याने, शास्त्राने जे झाकले ते तू उघडे करतोस, म्हणून त्याची कानउघाडणी केली, असे तालमूदमध्ये नमूद आहे. पित्याचा दोष लपवावयाचा नाही आणि चव्हाट्यावरही मांडावयाचा नाही, ही जी मर्यादा त्या मुलींना साधली ती इतक्या मोठ्या पंडिताला साधू नये, याचे मला नवल वाटते. शिवाय, ज्या भूमीत त्या हिस्सा मागत होत्या तिच्यापैकी यार्देनेपलीकडची वीतभर जमीनही त्या वेळी इस्राएलाच्या ताब्यात नव्हती. आधीची पिढी तर त्याच भूमीच्या भयाने मिसर देशाला परतण्यासाठी रडली होती.

मोशेने स्वतःच्या अखत्यारीत निकाल न देता प्रकरण परमेश्वरापुढे ठेविले. मुलींचे म्हणणे रास्त ठरले, आणि पुत्र नसल्यास वतन कन्येकडे, तीही नसल्यास भावांकडे, मग चुलत्यांकडे, शेवटी जवळच्या आप्ताकडे जावे, असा कायमचा नियम झाला.

पुढे गिलादाच्या घराण्यातील प्रमुखांनी हरकत घेतली, कारण या मुली परवंशात गेल्यास जमीनही जाईल. म्हणून त्यांनी आपल्याच वंशात विवाह करावा असा हुकूम झाला आणि त्यांनी चुलतभावांशी लग्ने केली. आजच्या वाचकाला यात मूळ निकालाची निम्मी किंमत हिरावली गेल्यासारखी वाटेल, मलाही वाटते. त्यांनी हे संतोषाने मानले की निरुपायाने, याविषयी ग्रंथ मौन पाळतो. तेव्हा त्यांच्या आज्ञाधारकपणावर प्रवचने झोडणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावे. यहोशवाच्या काळात वाटणीची वेळ आली तेव्हा याच बहिणींना पुन्हा जाऊन जुन्या आज्ञेचे स्मरण द्यावे लागले.

१९१० साली शोमरोन येथे हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात मद्य व तेल यांच्या नोंदी असलेली, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील खापरे सापडली. त्यांवर नोआ आणि होग्ला ही नावे मुलखांची म्हणून आढळतात. त्यावरून काही विद्वान या बहिणी म्हणजे मनश्शेच्या परगण्यांचीच मानवी रूपे होत असे मानतात. मला त्याचे वावडे नाही. परंतु त्याच खापरांवरील अबियेजेर, हेलेक, शमीदा ही नावे ज्या परंपरेने पुत्रांकडे दिली, तिने ही दोन मात्र वारसा मागणाऱ्या कन्यांकडे का द्यावीत, याचा समाधानकारक उलगडा त्या विद्वानांच्या मतात मला सापडत नाही.