तिसरी पायरी

14 मे 1995 रोजी ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब लिव्हरपूलच्या मैदानावर 2-1 असा हरला आणि इंग्लंडचा विजेता झाला. 7 मे 2017 रोजी तोच क्लब ब्रेंटफर्डच्या मैदानावर 3-1 असा जिंकला आणि तिसऱ्या श्रेणीत उतरला. दोन्ही दिवस रविवारचे, दोन्ही हंगामाचे अखेरचे. पहिल्या वेळी मँचेस्टर युनायटेडला त्यांचा शेवटचा सामना जिंकता आला नाही आणि 89 विरुद्ध 88 अशा एका गुणानं विजेतेपद ब्लॅकबर्नकडं राहिलं. दुसऱ्या वेळी नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 51 आणि ब्लॅकबर्नचेही 51. केलेल्या आणि झालेल्या गोलांची वजाबाकी फॉरेस्टच्या बाजूनं दोन गोलांनी बरी निघाली, म्हणून फॉरेस्ट तगला आणि ब्लॅकबर्न गेला.

हे दोन रविवार मी मनात नेहमी शेजारी-शेजारी ठेवतो. त्यांच्याकडं पाहिलं की कळतं, हंगामाचा निकाल शेवटच्या दिवसाच्या हाती नसतो. ऑगस्टात कुठल्या तरी ओल्या मैदानावर वाया घालवलेली संधी, डिसेंबरच्या थंडीत दहा माणसांनिशी वाचवलेला एक गुण, हे सगळं कुठंतरी लिहिलेलं राहतं आणि मे महिन्यात समोर येतं. त्या वहीतून काही सुटत नाही.

माझ्यासारख्या किनवटच्या माणसाचा या क्लबशी संबंध काय, असं कुणीही विचारील. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीजनं ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली उभा केलेला हा कोंबडीपालनाचा उद्योग. आमच्याकडं पत्र्याच्या शेडमध्ये ब्रॉयलर वाढवणाऱ्याला वेन्कॉब हे नाव बियाण्याच्या नावासारखं पाठ असतं. ज्या घराचं नाव पिलांच्या खोक्यावर, त्याच घराकडं 1888 साली इंग्लिश लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक आला, ही बातमी तेव्हा गोष्टीसारखी वाटली होती. पुढं ती गोष्ट कडवट झाली. 2012 च्या मे महिन्यात विगनकडून हरून रोव्हर्स पहिल्या श्रेणीतून उतरला, त्या संध्याकाळी प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली. पुण्याच्या मालकांनी वर्षामागून वर्ष पदरचा पैसा ओतला हे खरं, आणि ब्लॅकबर्नच्या लोकांना आपल्या दैवताची परक्या हाती हेळसांड होत असल्यासारखं वाटलं हेही खरं. दोन्ही खरं असताना त्या गावाचं दुःख मला जास्त जवळचं वाटतं, कारण आपल्या गोष्टीचा निर्णय लांबच्या शहरात होतो म्हणजे काय, ते तालुक्याच्या गावाला सांगावं लागत नाही.

दुसरा संबंध कापसाचा, आणि तो जुना आहे. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं विणकरांचं गाव. त्याच्या मागांवर हिंदुस्थानात विकायची धोतरं विणली जात. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या चुली विझल्या. तेव्हा गिरण्यांचे डोळे वळले ते आपल्या काळ्या मातीकडं. पैनगंगेच्या पलीकडचा वऱ्हाड 1853 मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. अलीकडचं किनवट निजामाच्या राज्यात राहिलं, आणि 1956 पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं. नदीच्या दोन्ही काठांवर पऱ्हाटी तीच होती, राज्यं वेगळी. पुढं सप्टेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले. आपल्या बहिष्कारामुळं ज्यांचं काम गेलं त्या गिरणी कामगारांना भेटण्यासाठी ते ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेनला उतरले. गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती हसत, हात उंचावत उभ्या आहेत, असं त्या वेळचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. रोव्हर्सच्या ईवुड पार्क या मैदानाच्या एका बाजूला आजही डार्वेन एन्ड म्हणतात.

गिरण्या गेल्या. आमच्या नांदेडची उस्मानशाही मिलही गेली. भोंगा थांबला की गावाची वेळ चुकते, माणसं कुठं जमायचं ते विसरतात. ब्लॅकबर्नमध्ये मात्र दर पंधरवड्याला जमायची एक जागा उरली. याच गावाच्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या दुसऱ्या संघानं 1883 साली एफए कप जिंकला होता. विणकर आणि कारागीर अशा साध्या माणसांच्या त्या संघानं ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना हरवलं आणि तो चषक पहिल्यांदा श्रमिकांच्या हाती आला. लगेच पुढची तीन वर्षं, 1884 ते 1886, तो रोव्हर्सनं जिंकला. अशा गावात फुटबॉल हा फावल्या वेळाचा विषय राहत नाही. गावाचं गावपण त्यात साठलेलं असतं.

म्हणून 2017-18 चा हंगाम मला महत्त्वाचा वाटतो. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर एकही क्लब तोवर तिसऱ्या श्रेणीत उतरला नव्हता. रोव्हर्स पहिला. तिथं चोवीस संघ, प्रत्येकाचे 46 सामने. पहिले दोन थेट वर, चार खाली. आपल्याकडच्या टीव्हीवर ती श्रेणी सहसा दिसत नाही. तिचे आकडे तेवढे येतात. हिवाळ्यात तिकडं शनिवारचे दुपारचे तीन वाजतात तेव्हा किनवटात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. दुकानांची शटरं खाली येत असतात, शेकोटीची राख चाळवली जात असते, आणि फोनच्या पडद्यावर एक ओळ बदलते: शून्य-शून्यचं एक-शून्य होतं. चित्र नाही, आवाज नाही. बाकीचं सगळं मनानं भरायचं. मला ते भरणं आवडतं. न पाहिलेल्या गावांची नावं त्यातून ओळखीची होत जातात.

काय एकेक नावं आहेत त्या यादीत! नॉर्थहॅम्प्टन जोडे शिवणाऱ्यांचं गाव. वॉल्सॉल खोगीर करणाऱ्यांचं. स्कन्थॉर्प लोखंडाचं, फ्लीटवुड मासेमारांचं, विगन कोळशाचं, डॉनकॅस्टर रेल्वेची इंजिनं बांधणाऱ्यांचं. रॉचडेल तर आपल्याला फार जवळचं. 1844 साली तिथल्या विणकरांनी सहकारी दुकान काढलं आणि ज्या सहकारावर महाराष्ट्राचे साखर कारखाने उभे राहिले त्याची वाट तिथून पुढं गेली. धंदे बुडाले, कारखाने ओस पडले, तरी दर शनिवारी त्या गावांची नावं एकमेकांसमोर मांडली जातात. त्या हंगामात तिथं विम्बल्डनही होता. मूळ क्लब मिल्टन कीन्सला हलवायचं ठरल्यावर 2002 साली चाहत्यांनी स्वतः नव्यानं उभा केलेला, तळापासून एकेक श्रेणी चढत आलेला. ज्या क्लबचं बिऱ्हाड हलवलं गेलं तोही त्याच श्रेणीत होता. मे महिन्यात हलवलेला खाली गेला आणि चाहत्यांनी उभा केलेला राहिला.

रोव्हर्सची सुरुवात वाईट झाली. 5 ऑगस्टला साउथएन्डमध्ये 2-1 अशी हार. 12 ऑगस्टला घरच्या मैदानावर डॉनकॅस्टरकडून 3-1 अशी. चोवीसांच्या यादीत तळाशी नजर टाकावी लागत होती. पण यादी लांब होती आणि 44 सामने बाकी होते. प्रशिक्षक टोनी मोब्रे यांनी संघ बांधून ठेवला. गिलिंगहॅमहून आणलेला ब्रॅडली डॅक गोल करू लागला. लीगमध्ये त्याचे 18 झाले. बचावात स्कॉटलंडचा चार्ली मलग्रू कप्तान म्हणून उभा होता. पाऊस, चिखल, मंगळवारच्या रात्रीचे लांबचे प्रवास, असं करत करत हार दुर्मिळ झाली. 24 एप्रिल 2018, मंगळवार. आमच्याकडं मोहाची फुलं वेचून झालेली, तेंदूपत्त्याची तयारी चाललेली, मध्यरात्र उलटली तरी भिंती तापलेल्या. तिकडं सामना होता डॉनकॅस्टरमध्ये; ज्यांनी ऑगस्टात घरात येऊन हरवलं त्यांच्याच अंगणात. मलग्रूनं एकमेव गोल केला आणि रोव्हर्स एका वर्षात वर आला. हंगाम संपला तेव्हा हिशेब होता: 28 विजय, 12 बरोबरी, 6 हार, 96 गुण. विगन 98 गुणांसह पहिला. सहा वर्षांपूर्वी रोव्हर्सला ज्यांनी पहिल्या श्रेणीतून ढकललं तेच विगन पुढं, आणि रोव्हर्स मागोमाग.

पहिले दोन सामने हरलेला संघ 96 गुणांपर्यंत पोचतो, हे मला फुटबॉलपेक्षा मोठं वाटतं. कारण आमच्याकडची मुलं ज्या खेळात वाढतात तो बाद पद्धतीचा असतो. पिकं घरात आली की गावोगावी टूर्नामेंटा लागतात. क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल. गोंड, कोलाम, आंध वस्त्यांतली, बंजारा तांड्यांवरची, किनवटच्या मोहल्ल्यांतली मुलं मोटारसायकलींवर तिघं-तिघं बसून येतात. पहिल्या फेरीत हरले की दुपारी परत. संघ तिथंच मोडतो. पुढच्या वर्षी नावही वेगळं असतं. खेळाच्या बाहेरही त्यांचं आयुष्य असंच मांडलेलं आहे. बारावीची एक परीक्षा, पोलीस भरतीतली एक धाव, मृगाचा एक पाऊस. चुकलं की बाद. हरलेल्याला पुढचा शनिवार मिळत नाही. आणि ज्याला पुढचा शनिवार नाही, त्याला आज का हरलो याचा विचार तरी कशासाठी करावासा वाटेल?

15 सप्टेंबर 2017 रोजी, त्याच हंगामात, महाराष्ट्रभर शाळांच्या मैदानांवर फुटबॉल खेळवला गेला. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता, त्याचं ते स्वागत होतं. विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. तो कोल्हापूरचा असणं हा योगायोग नव्हे. तिथं पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ असे पेठापेठांचे संघ पिढ्यान्‌पिढ्या शाहू स्टेडियमवर उतरतात. पेठेतल्या पोराला कोणत्या रंगाचा सदरा घालायचा हे जन्मतः माहीत असतं. अनिकेतच्या मागं ती सगळी वर्षं होती. एका दिवसाच्या उत्साहानं चेंडू गावात येतो. त्याला गावात ठेवून घ्यायला वर्षं लागतात, आणि वर्षांना वेळापत्रक लागतं.

देशाच्या पातळीवरही आपण शिडी उशिरा लावली. 2014 साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये कितीतरी वर्षं कुणी खाली जात नव्हतं आणि खालून खेळाच्या जोरावर कुणी वर येत नव्हतं. 2023 मध्ये पंजाबचा संघ आय-लीग जिंकून वर चढला, तेव्हा पहिल्यांदा ते दार उघडलं. वरच्यांना पडण्याचं भय नसेल तर खालच्यांना चढण्याची आशाही नसते. ब्लॅकबर्नच्या लोकांनी ते भय पुरतं भोगलं, म्हणून डॉनकॅस्टरमधली ती रात्र त्यांची झाली.

मला वाटतं, आमच्या भागाला एक लीग हवी. मोठी नको, आठ संघांची. किनवट, माहूर, इस्लापूर, मांडवी, हिमायतनगर, हदगाव, भोकर, उमरी. दिवाळीला सुरू होऊन होळीला संपणारी. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावात आणि एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येकाला चौदा सामने. पहिले तीन हरले तरी अकरा उरतील. गुणांचा तक्ता एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवायचा, आठही नावांचा, आणि आठव्या क्रमांकाचं नाव पहिल्याइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहायचं. खर्च फार नाही: गोलपोस्ट, चुना, चार चेंडू, एक शिट्टी, आणि दर शनिवारी न चुकता मैदानावर येणारी दोन शहाणी माणसं. ती माणसं किनवटात आहेत, मला ठाऊक आहे. या दिवाळीच्या आत आम्ही एकत्र बसू आणि पहिल्या शनिवारची तारीख ठरवू.