पोरीच्या मानेची गाठ

लहान मुलाच्या मानेला गाठ लागणे ही काही नवलाची गोष्ट नाही. न्हाऊ घालताना, वेणी घालताना आई-आजीच्या बोटांना ती लागते आणि मग घरात चार तोंडांनी चार उपाय निघतात. कुणी हळदीचा लेप सांगते, कुणी बिब्बा, तर एखादी म्हातारी सरळ डाग द्यायला सांगते. आमच्या घरीही हे सगळे सांगून झाले. पोरीला चटका मात्र आम्ही बसू दिला नाही.

२०२४ च्या दिवाळीत नातीला तेल लावत होते. पोर चार वर्षांची. उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली, शेजारी आणखी दोन लहान. दुखत नव्हती, लालही नव्हती. पोरीचे जेवण मात्र कमी झाले होते. चुलत सासूबाई म्हणाल्या, "बिब्ब्याचा ठिपका ठेव, चार दिवसांत जिरंल." मी म्हटले, "आत्याबाई, आधी डॉक्टरीणबाईंना दाखवू. बिब्बा काही कुठं पळून जात नाही."

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी गाठीला हात लावण्याआधी पोरीचे डोके पाहिले, कान पाहिले, तोंड उघडून दात आणि घसा पाहिला. मला गंमत वाटली. दुखणे मानेत आणि बाई पाहतात दात! मग त्यांनी समजावून सांगितले. मानेत जागोजाग गाठी असतातच, राखणीला बसवलेल्या गड्यांसारख्या. जवळपास रोगजंतू शिरले की त्या फुगतात. डोक्यात उवा होऊन खाजवून फोड आले की मानेच्या मागच्या बाजूला गाठ येते. दात किडला, घसा सुजला की जबड्याखाली येते. आपण त्याला अवधाण म्हणतो. मूळ दुखणे बरे झाले की ती हळूहळू ओसरते. हरभऱ्याएवढी, बोटाखाली सरकणारी गाठ तर धडधाकट मुलांतही असते. म्हणून गाठीवर काय लावायचे ते विचारू नये, गाठ कशाने आली ते विचारावे.

गालगुंड निराळे. ती सूज कानाच्या पाळीच्या पुढे आणि खाली येते, पाळी वर उचलल्यासारखी दिसते आणि आंबट खाल्ले की पोर कळवळते. बहुधा आठवडा-दहा दिवसांत ती आपोआप उतरते. सूज आल्यापासून पाच दिवस पोराला शाळेत, अंगणवाडीत धाडू नये, पातळ खायला द्यावे. फार डोके दुखले, उलट्या झाल्या, कानाने कमी ऐकू आले किंवा मोठ्या मुलाच्या अंडाला सूज आली तर मात्र दवाखाना गाठावा.

आणि घटसर्प! हे नाव आपण गोठ्यात ऐकतो. जनावराचा गळा सुजतो, घरघर लागते, म्हणून पावसाळ्याआधी आपण लस टोचून घेतो. मुलांच्या रोगालाही तेच नाव आहे, पण जंतू वेगळा. जनावरापासून तो पोराला होत नाही. घशात राखाडी पांढरा पापुद्रा धरतो, मान दोन्ही बाजूंनी फुगते, श्वास कोंडतो. त्याच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान आणि पुढे पाच वर्षांनंतर असतात. बैलाची लस आपण चुकवत नाही, पोराची का चुकावी? पोराला थुंकी गिळता येईना, श्वास घेताना आवाज येऊ लागला, मान ताठली, तर ती रात्र घरी काढू नये. मिळेल त्या गाडीने मोठे रुग्णालय गाठावे.

आमच्या नातीला बाईंनी सात दिवसांचे औषध दिले आणि दोन आठवड्यांनी परत बोलावले. गाठ तशीच. तेव्हा तालुक्याला पाठवले. तिथे बारीक सुईने गाठीतले पाणी काढून तपासले. पोर किंचाळली, पण दोन मिनिटांत काम झाले. निदान आले गंडमाळेचे, म्हणजे गाठींच्या क्षयाचे.

घरात स्मशानशांतता पसरली. पोरीची जात, पुढे लग्न कसे व्हायचे, हे बोलणे त्याच रात्री सुरू झाले. चार वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी! तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते की नुसत्या गाठींचा क्षय एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण पोरीला तो कुणाकडून तरी आला असणार. घरात कुणी खोकते का, असे त्यांनी विचारले.

आम्ही दोघी सासू-सुना एकमेकींकडे पाहत राहिलो. आमचे चुलत दीर दोन महिने खोकत होते. विडीचा खोकला म्हणून ते हसण्यावारी नेत. नात रोज त्यांच्याच मांडीवर जेवायची. आधी ते बेडका तपासायला तयार होईनात. शेवटी आशाताई घरी येऊन डबी देऊन गेली. तपासणीत क्षयाचे जंतू निघाले. पोरीच्या गाठीने म्हाताऱ्याचे दुखणे उघडे पाडले. धाकट्या दोन वर्षांच्या नातवाला काही झालेले नव्हते, तरी त्याला रोग होऊ नये म्हणून औषध सुरू केले.

पोरीला सहा महिने रोज गोळ्या होत्या, वजनाप्रमाणे, पाण्यात विरघळणाऱ्या. सगळे सरकारी आणि फुकट. वर खाण्यासाठी महिना १००० रुपये बँकेत जमा होत. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही रक्कम ५०० होती. लघवी नारिंगी झाली तेव्हा सूनबाई घाबरली, पण ते औषधाचे असते. दुसऱ्या महिन्यात गाठ उलट वाढली. तेव्हा आत्याबाईंनी पुन्हा बिब्ब्याचे नाव काढले आणि कुणी तरी चिरून घ्या म्हणाले. डॉक्टर म्हणाले, औषध चालू असताना असे होते, गोळ्या थांबवू नका. गंडमाळ अशीतशी चिरली तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहते.

धारोष्ण दूध मात्र आमच्याकडे बंद झाले. गाईला क्षय असेल तर कच्च्या दुधातून तो मुलांच्या मानेत गाठी करू शकतो. आता दूध चांगली उकळी आल्याशिवाय कुणाच्या पेल्यात पडत नाही, दीरांच्याही नाही.

जून २०२५ मध्ये गोळ्या संपल्या. जबड्याखाली हरभऱ्याएवढी गाठ अजून लागते. तेवढी राहू शकते, वाढली तर दाखवा, असे सांगितले आहे, आणि दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणी आहे. दीरांची विडी सुटली नाही, पण गोळ्या त्यांनी सहाही महिने घेतल्या, नातीच्या शेजारी बसून.